पावणेदोन कोटी युरो मंजूर होते, पण तारीख निघून गेली

मी सोलापुरात एका कॉन्ट्रॅक्टरकडे टेंडर आणि बिलिंग बघतो, चौदा वर्षं झाली. पूल, बंधारे, रस्ते, कधीमधी शाळेच्या खोल्या. त्यामुळे सरकारी कामाची कुठलीही बातमी वाचली की माझं डोकं आधी पैसा कुणाचा, सही कुणाची आणि निधीची मुदत कधीपर्यंत इथेच जातं, फोटोत नारळ कोण फोडतंय ते नंतर. आयर्लंडच्या बॉर्डरवरच्या एका पुलाचं प्रकरण असंच वाचता वाचता हाताला लागलं आणि दोन रात्री त्यातच गेल्या, कारण अर्धं वाचून होईपर्यंत मला वाटायला लागलं की अरे ही तर आपल्याच टेबलावरची फाइल आहे, फक्त नावं वेगळी आणि तिकडे पाऊस जास्त. म्हणून पूर्ण लिहून काढतोय. मधेमधे सोलापूर येणार, त्याला इलाज नाही.

आधी जागा

आयर्लंड हे एकच बेट पण त्यात दोन कारभार. दक्षिणेला आयर्लंड हा स्वतंत्र देश, राजधानी डब्लिन, चलन युरो. उत्तरेचा तुकडा म्हणजे नॉर्दर्न आयर्लंड, तो ब्रिटनचा भाग, राजधानी बेलफास्ट, चलन पाउंड. पूर्वेकडे समुद्राला लागून कार्लिंगफोर्ड नावाची खाडी आहे, तिच्यात न्यूरी नदी येऊन मिळते आणि मिळायच्या आधी पाणी एका ठिकाणी एकदम चिंचोळं होतं, त्या जागेचं नावच नॅरो वॉटर, म्हणजे अरुंद पाणी. अलीकडे वॉरनपॉइंट हे उत्तरेचं गाव, पलीकडे ओमीथ हे दक्षिणेचं. समोरासमोर. हाक मारली तर ऐकू जाईल असं म्हणणार नाही, पण पलीकडच्या घरातला दिवा दिसतो एवढं नक्की. आणि गाडीने जायचं तर आधी वर न्यूरी शहरापर्यंत जा, तिथे पूल ओलांडा, मग दुसऱ्या काठाने तेवढंच खाली या.

या जागेला एक काळा इतिहास आहे. २७ ऑगस्ट १९७९ ला नॅरो वॉटरच्या जुन्या गढीजवळ आयआरएने, म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, दोन बॉम्ब उडवून ब्रिटिश लष्कराचे १८ सैनिक मारले, आणि ते बॉम्ब नदीच्या पलीकडून, म्हणजे दुसऱ्या देशातून रिमोटने उडवले होते. आपल्याकडे ही तारीख वेगळ्या कारणाने लोकांना आठवते, त्याच दिवशी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉर्ड माउंटबॅटन यांना बोटीत बॉम्बने मारलं. आपला शेवटचा व्हाइसरॉय. तर अशा जागी दोन काठ जोडायचे म्हणजे नुसता सिमेंट-लोखंडाचा विषय राहत नाही, हे पहिल्यांदाच डोक्यात घेतलेलं बरं.

पुलाची मागणी १९७० च्या दशकापासूनची. कारण साधं होतं. उत्तरेला मोर्न डोंगर, दक्षिणेला कूली द्वीपकल्प, दोन्ही बघण्यासारखे, मधे हे पाणी. पूल झाला तर पर्यटकाला गोल चक्कर मारता येईल, एका बाजूला जेवेल दुसऱ्या बाजूला मुक्काम करेल, आणि बॉर्डरवर असल्यामुळे दोन्ही राजधान्यांच्या नकाशात कोपऱ्यात पडलेल्या गावांना थोडा धंदा मिळेल. बॉर्डरवरच्या गावाचं दुखणं सगळीकडे तेच असतं बघा. अक्कलकोटच्या खालच्या गावात कुणालाही विचारा, मुंबई लांब आणि बेंगळुरूही लांब.

तिसरा खिसा

आता पैसा. इथेच खरी गंमत आहे म्हणून थोडं थांबतो.

दोन सरकारं एका पुलावर पैसे घालणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो आधी कोण घालणार. तू घाल मग मी घालतो. युरोपियन युनियनने यावर जो तोडगा काढला तो म्हणजे तिसरा खिसा. १९९० पासून इंटररेग नावाची योजना चालू झाली, तिचा पैसा कुठल्याही एका देशाच्या आत खर्च करायचा नाही, बॉर्डरच्या दोन्ही बाजूंनी मिळून प्रकल्प आणला तरच मिळणार. आयर्लंडमध्ये १९९८ चा शांतता करार झाला, त्यातून दोन्ही सरकारांच्या सहा संयुक्त संस्था निघाल्या, त्यातली एक स्पेशल ईयू प्रोग्रॅम्स बॉडी. डिसेंबर १९९९ पासून ती बेलफास्टमधून हा पैसा वाटते. तिचे मालक दोन, उत्तरेचं वित्त खातं आणि दक्षिणेचं वित्त-खर्चाचं खातं. म्हणजे बेलफास्टचा वित्तमंत्री हा नुसता तिजोरीवाला नाही, बॉर्डरवरच्या विकासाची अर्धी किल्ली त्याच्याकडे आणि उरलेली अर्धी डब्लिनला. दोन्ही किल्ल्या एकाच वेळी फिरवल्या तरच कुलूप उघडतं.

२००७ ते २०१३ च्या टप्प्याला इंटररेग चार-अ म्हणत, एकूण २५.६ कोटी युरोचा कार्यक्रम, त्यातले १९.२ कोटी युरोपचे म्हणजे पाऊण हिस्सा, बाकीचा पाव हिस्सा दोन सरकारांनी जोडायचा. आपल्याकडच्या केंद्र-राज्य योजनेतल्या ७५:२५ सारखंच. आणि एक अट, जी सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. या टप्प्यातला पैसा २०१५ संपायच्या आत प्रत्यक्ष खर्च झालेला पाहिजे, नाहीतर तो ब्रुसेल्सला परत. आपल्याकडे मार्च एंडला निधी लॅप्स होतो ना, तसलाच प्रकार, फक्त मार्च एंडची वाट बघायला तिकडे दोन वर्षं जास्त मिळतात.

नॅरो वॉटर पुलासाठी दक्षिणेची लाउथ काउंटी कौन्सिल पुढे झाली, सोबत उत्तरेची न्यूरी आणि मोर्न कौन्सिल. डिझाइन झालं, दोन टॉवरचा केबलवरचा पूल, आणि एक भाग उघडणारा, कारण न्यूरीकडे जाणाऱ्या उंच शिडाच्या बोटींना वाट सोडायची होती. २०१२ मध्ये दोन्ही बाजूंच्या बांधकाम परवानग्या मिळाल्या. संस्थेने १.७४ कोटी युरो राखून ठेवले, त्यावेळच्या भावाने साधारण १२० कोटी रुपये. आपल्या भाषेत प्रमा, म्हणजे प्रशासकीय मान्यता, झाली. आता दोन्हीकडच्या खात्यांनी हो म्हणायचं, टेंडर काढायचं आणि घड्याळ बघत काम उरकायचं.

मंत्री हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता

बेलफास्टला तेव्हा वित्तमंत्री होते सॅमी विल्सन, डीयूपी पक्षाचे, म्हणजे ब्रिटनशी घट्ट राहायचं म्हणणाऱ्या पक्षाचे. २००९ पासून खुर्चीवर. त्यांच्या खात्याने खर्चाचे प्रश्न काढले. पुलाचा फायदा किती, उघडायच्या-बंद करायच्या यंत्रणेचा पुढचा खर्च कोण उचलणार, आणि मुख्य म्हणजे खर्च वाढला तर वाढीव बोजा कुणाच्या माथी. समोरचे पक्ष, विशेषतः बेट एक व्हावं म्हणणारा शिन फेन, ओरडायला लागले की हे मुद्दाम लांबवलं जातंय, कारण बॉर्डर ओलांडणारा पूल म्हणजे काही युनियनिस्ट लोकांच्या डोळ्यात बेट एक करायची पहिली वीट.

मी इथे कुणाची बाजू घेणार होतो ते सांगतो. पहिल्यांदा वाचताना मला विल्सन यांचा रागच आला, कारण असला मंत्री नाही तरी असला अधिकारी मी पाहिलाय, जो कधीच नाही म्हणत नाही. फाइल परत पाठवतो, एक कागद कमी आहे म्हणून, तो दिला की दुसरा. पण दुसऱ्यांदा वाचल्यावर मला त्यांचा एक प्रश्न टोचत राहिला. वाढला तर कोण भरणार? हा प्रश्न चुकीचा नव्हताच. तो टेंडर बघणारा कुठलाही माणूस पहिला विचारतो. अखेर २०१३ मध्ये उत्तरेकडून अटींसकट हो आलं आणि टेंडरं आली.

जुलै २०१३ मध्ये आकडे बाहेर आले तेव्हा सगळेच्या सगळे अंदाजाच्या बरेच वर.

टेंडर ओपनिंगचा दिवस ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल हे काय असतं. आता आमच्याकडे ई-टेंडर असल्यामुळे लखोटे फोडायचा कार्यक्रम राहिला नाही, स्क्रीनवर बीओक्यू, म्हणजे कामांची आणि दरांची यादी, उघडतो आणि एकाखाली एक आकडे दिसतात. सगळे बिलो, म्हणजे अंदाजाच्या खाली, आले की साहेबांच्या चेहऱ्यावर हसू, चहा सांगतात. सगळे अबाव्ह आले की खोलीत कुणीच बोलत नाही, एसीचा आवाज तेवढा येतो, आणि कुणीतरी हळूच म्हणतो सुप्रमा लागणार. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, ज्याला हा शब्द माहीत नाही तो सुखी माणूस. एक टेंडर अबाव्ह आलं तर तो पार्टीचा लोभ, सगळी आली तर एस्टिमेट चुकलं, हा आमच्यातला साधा हिशोब. लाउथ कौन्सिलच्या ऑफिसात त्या दिवशी काय वातावरण असेल ते मी इथे बसून सांगू शकतो.

आता खड्डा कोण भरणार. युरोपचा आकडा ठरलेला, तो वाढत नाही. उत्तरेला विल्सन त्याच महिन्याच्या शेवटी पायउतार झाले आणि त्यांच्याच पक्षाचे सायमन हॅमिल्टन आले. नवीन मंत्री, जुनी फाइल. दक्षिणेची अवस्था तर अजून बेकार. आयर्लंडच्या बँका बुडाल्यावर २०१० च्या नोव्हेंबरात त्यांनी युरोप आणि आयएमएफबरोबर ८५ अब्ज युरोचं पॅकेज ठरवलं होतं आणि त्यातून ते बाहेर पडले १५ डिसेंबर २०१३ ला. म्हणजे टेंडरं उघडली तेव्हा देश सावकाराच्या देखरेखीखाली, पै-पैचा हिशोब दाखवायचा, पगार-पेन्शन कापलेली. अशा वेळी एका खाडीवरच्या पर्यटनाच्या पुलाला जादा पैसे द्या म्हणून कुठला मंत्री कॅबिनेटमध्ये तोंड उघडणार. तिथले वाहतूकमंत्री तेव्हा लिओ वराडकर, ज्यांचे वडील मूळचे मुंबईतले आणि आजोळ-पणजोळ म्हणून मालवणजवळच्या वराड गावचं नाव आपल्या पेपरात येत असतं (आजोळ नाही, मूळ गाव म्हणायला पाहिजे, असो). त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन-तीन महिने बैठका झाल्या. २०१३ संपता संपता संस्थेने मंजुरीचं पत्र मागे घेतलं आणि पैसा कार्यक्रमातल्या दुसऱ्या कामांकडे वळवला. त्यांचंही चूक नाही, २०१५ ची तारीख समोर होती, केबलचा उघडणारा पूल दोन वर्षांत उभा करणं तसंही अवघड, आणि पैसा परत जाण्यापेक्षा दुसरीकडे लागलेला काय वाईट.

एवढ्यावरून माझा निष्कर्ष असा झाला की पूल कुणी मारला नाही. तो वेळेअभावी मेला.

आमच्या नाल्यावरचं प्रकरण

हे मला एवढं का लागलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यात एका नाल्यावर छोटा पूल-कम-बंधारा होता, नाव घेत नाही, गावाचंही नाही. दोन वेगवेगळ्या ऑफिसांनी अर्धा अर्धा निधी द्यायचा ठरलं. कल्पना छान, एकाला रस्ता मिळतो दुसऱ्याला पाणी. पहिल्या ऑफिसची मंजुरी दिवाळीनंतर लगेच आली. टेंडर निघालं, आमचं लागलं, मी स्वतः सर्व्हेवाल्या पोराबरोबर लेव्हल घ्यायला गेलो होतो, काठावरच्या एका मोठ्या दगडावर पिवळ्या रंगाने टीबीएम, म्हणजे लेव्हल मोजायची खूण, मारली, बाणासकट, आणि मिस्त्री म्हणाला की साहेब उन्हाळ्यात पाया काढून टाकू, नाला तेव्हा कोरडाच.

दुसऱ्या ऑफिसचं पत्र आलंच नाही. मी किती चकरा मारल्या असतील. एकदा म्हणाले हिश्श्याच्या प्रमाणाचा ठराव जोडा, एकदा म्हणाले देखभाल कोण करणार त्याचं हमीपत्र पाहिजे, एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेबांची बदली. पत्र हातात पडलं २६ मार्चला. तोपर्यंत टेंडरची १२० दिवसांची व्हॅलिडिटी संपलेली, लोखंडाचा भाव चढलेला, आमचे शेठ जुन्या रेटला काम करायला तयार नाहीत, आणि ३१ तारखेला पहिल्या ऑफिसचा निधी परत. म्हणजे ज्याने वेळेत पैसे दिले त्याचेच बुडाले. पाच दिवसांत काय होणार होतं.

शेठना मी नॅरो वॉटरची ही सगळी गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली तर ते म्हणाले, "मंत्री मंत्री काय करलालास बे, एस्टिमेट कोण केलता ते बघ की आधी."

बोलणं सोलापुरी, पण मुद्दा बरोबर. मी मंत्र्यावर बोट ठेवत होतो आणि माझ्याच जातीच्या माणसाला, म्हणजे एस्टिमेट करणाऱ्याला, सोडून देत होतो. उघडणारा पूल म्हणजे अर्धा पूल आणि अर्धं मशीन. आमच्या डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरपत्रकात, असल्या कामाला धड आयटमही सापडणार नाही, मग रेट कुठून काढायचा, चार ठिकाणी कोटेशन मागवून. तिकडेही असं काही झालं असेल का मला सांगता येणार नाही, पण अंदाज आणि बाजार यात एवढी दरी पडली हे तर उघड आहे. आणि मग विल्सन यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. ज्या माणसावर लांबवल्याचा आरोप झाला त्याचीच शंका आकड्यांनी खरी ठरवली. पण एवढंच खरं असतं तर प्रकरण सोपं झालं असतं. तोच प्रश्न एक वर्ष आधी विचारून, एक वर्ष आधी टेंडर काढून बघितलं असतं तर खड्डा किती मोठा आहे ते वेळेत कळलं असतं, पूल थोडा छोटा करता आला असता, उघडणाऱ्या भागावर फेरविचार झाला असता, किंवा दोघांनी मिळून अर्धा अर्धा खड्डा भरायला दोन बजेटं हाताशी असती. शंका बरोबर असणं आणि शंकेवर वेळेत काम करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मंत्र्याला पगार दुसऱ्या गोष्टीचा मिळतो.

त्याच खुर्चीवर दुसरा माणूस

तीन वर्षांनी त्याच वित्त खात्याच्या खुर्चीवर मार्टीन ओ मुलोर बसले, शिन फेनचे, म्हणजे बरोबर उलट्या टोकाचे. मे २०१६ मध्ये आले आणि २३ जूनला ब्रिटनने ब्रेक्झिटला मत दिलं. झालं, तिसरा खिसाच फाटायला आला. इंटररेगचा पुढचा टप्पा २८.३ कोटी युरोचा आणि पीस नावाचा शांततेचा कार्यक्रम २७ कोटींचा, दोन्हीत ८५ टक्के पैसा युरोपचा, आणि मंजुरीची पत्रं द्यायची की नाही हेच कळेना, कारण उद्या ब्रिटन बाहेर पडल्यावर पैसे कोण देणार. लंडनचे अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी ऑगस्टमध्ये हमी दिली पण ती फक्त शरदातल्या बजेट निवेदनाच्या आधी सही झालेल्या कामांना, मग ऑक्टोबरात वाढवून ब्रिटन बाहेर पडेपर्यंतची केली. ओ मुलोर आणि डब्लिनचे मंत्री पास्कल डोनोहो यांनी मिळून मार्ग काढला आणि पत्रं सुटायला लागली. इथे गंमत बघा, ओ मुलोर यांच्याकडे नवीन पैसा एक पाउंडसुद्धा नव्हता. जे मंजूर होतं त्याच्यावर तारीख उलटायच्या आत सही करवून घेणं एवढंच काम. आणि ते केलं म्हणून कामं झाली. जानेवारी २०१७ ला तिथलं सरकार एका हीटिंग योजनेच्या घोटाळ्यावरून पडलं आणि पुढे तीन वर्षं बेलफास्टमध्ये मंत्रीच नव्हते. अजून दोन महिने उशीर झाला असता तर काय, याचा विचार करायला नको.

नॅरो वॉटर मात्र त्या यादीत नव्हता. खाडीत थोडं पुढे, तोंडापाशी, जुलै २०१७ पासून गाड्या नेणारी खासगी फेरी सुरू झाली. सरकार जमलं नाही की बोटवाला येतो, हे आपल्याकडे भीमेच्या काठावर सांगायला नको.

पुलाचं नाव परत कागदावर आलं जानेवारी २०२० मध्ये, बेलफास्टचं सरकार पुन्हा बसवताना जो करार झाला त्यात. त्याच वर्षी ऑक्टोबरात डब्लिनने शेअर्ड आयलंड नावाचा ५० कोटी युरोचा निधी काढला. हा युरोपचा नाही, आयर्लंडच्या स्वतःच्या तिजोरीतला. २०१३ मध्ये सावकाराच्या दारात उभा असलेला देश आता कंपन्यांच्या टॅक्सवर इतका सावरला होता की बॉर्डरच्या पलीकडेही पैसे घालायला तयार. २०२२ मध्ये बेलफास्टचं सरकार परत पडलं, ३ फेब्रुवारी २०२४ ला परत बसलं, आणि बरोबर १७ दिवसांनी, २० फेब्रुवारीला, डब्लिनने घोषणा केली. उत्तरेच्या ए-५ हायवेला ६० कोटी युरो आणि नॅरो वॉटर पुलाला १०.२ कोटी. त्यावेळच्या भावाने पुलाचे नऊशे कोटी रुपयांच्या वर. घोषणा करणारे पंतप्रधान होते लिओ वराडकर. हो, तेच. अकरा वर्षांपूर्वी वाहतूकमंत्री म्हणून ज्यांच्या काळात पूल हातातून गेला, त्यांनीच तो परत आणला, आणि महिन्याभरात राजीनामाही जाहीर केला, त्यामुळे जूनमध्ये काम सुरू झालं तेव्हा पंतप्रधान वेगळेच होते.

मंजूर १.७४ कोटी होते, आता द्यावे लागले १०.२ कोटी. सगळा फरक उशिराचा नाही हे मी मान्य करतो, पहिला आकडा मुळातच कमी धरलेला होता आणि दहा वर्षांत बांधकामाचे भाव सगळ्या जगात पेटले. तरीपण.

आपल्याकडे तिसरा खिसा कुठला

सोलापूरहून विजापूरला जाताना टाकळीजवळ भीमा ओलांडली की पलीकडे धुळखेड, कर्नाटक. पुलाच्या मध्यावर मोबाइलला स्वागताचा मेसेज येतो आणि पाट्यांची अक्षरं बदलतात, चहाची चव तीच राहते. हा रस्ता चौपदरी होताना कुणाचं अडलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर या कामावर एका लेनचा २५.५४ किलोमीटर पट्टा १८ तासांत डांबरी झाला म्हणून नितीन गडकरींनी जाहीर केलं होतं. का अडलं नाही, तर नॅशनल हायवे, पैसा दिल्लीचा, दोन्ही राज्यांच्या वर बसलेला एकच खिसा. दोन मुख्यमंत्र्यांनी एकमेकांच्या सहीची वाट बघायची गरजच नाही.

त्याच नदीवर थोडं पुढे औजचा बंधारा आहे, ज्याच्या पाण्यावर सोलापूर शहराचा टाकळीचा पंप चालतो. उजनीतून पाणी सोडतात, शंभर किलोमीटरच्या वर वाहत येतं, आणि नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं, दोन्हीकडे मोटारी. इथे मात्र तिसरा खिसा नाही आणि तिसरा माणूसही नाही. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर असं काय काय कर्नाटकला द्या म्हटलं होतं, महाराष्ट्राने नाकारलं, २००४ पासून सुप्रीम कोर्टात केस आहे. २०२२ च्या शेवटी जतच्या गावांवरून कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई बोलले, अक्कलकोटच्या काही गावांनीही पाणी-रस्ते मिळत नाहीत तर आम्ही तिकडे जातो म्हणून आवाज काढला, आणि मग आपल्याकडून म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेची घाई झाली. सीमेचे समन्वय मंत्री म्हणून चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई यांना नेमलं, पण त्यांचा बेळगाव दौराच रद्द करावा लागला. आपल्या समन्वय मंत्र्याच्या हातात भाषण आहे, निवेदन आहे, हॅमिल्टन किंवा ओ मुलोर यांच्यासारखं खातं नाही ज्यातून दोन्ही काठांवर एक रुपया पडेल. औजच्या काठावरच्या शेतकऱ्याला दोन्ही राज्यांनी मिळून मीटर बसवून द्यावं एवढी साधी गोष्ट बजेटच्या कुठल्या हेडमधून करायची, मला तरी हेड सापडत नाही.

आणि सीमाच लागते असंही नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे ८४ किलोमीटर, जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी सोलापुरात पायाभरणी केली तेव्हा खर्च ९०४ कोटी. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. राज्याचा अर्धा नक्की व्हायला पुढची काही वर्षं गेली, मधे सरकारं बदलली, आणि आता सुधारित आकडा तीन हजार कोटींच्या वर आहे. एकाच राज्यातलं काम, एकाच देशातली दोन खाती, तरी दोन किल्ल्या एकत्र फिरेनात.

मला विचाराल तर २०१३ च्या जुलैत मी मंत्री असतो तर सगळ्यात आधी संस्थेकडे एकच पत्र पाठवलं असतं, की पूल उघडणारा नको, साधा बांधतो, बोटीवाल्यांची समजूत आम्ही काढू, पैसा धरून ठेवा. लोकांनी शिव्या घातल्या असत्या. डिझाइनवाल्याने तर नक्कीच. परवानग्या परत घ्याव्या लागल्या असत्या आणि २०१५ कदाचित तरीही हुकलं असतं, त्यामुळे हे काही फार हुशारीचं उत्तर नाही हे मलाही कळतं. ए-५ चं बघा, ६० कोटी खिशात असून जून २०२५ मध्ये बेलफास्टच्या कोर्टाने हवामानाच्या कायद्यावरून त्या रस्त्याची मंजुरीच रद्द केली. पैसा आणि सही दोन्ही असूनसुद्धा.

आमच्या नाल्याचं काम गेल्या महिन्यात परत निघालं, यावेळी एकाच ऑफिसकडून. मी लेव्हल घ्यायला गेलो तर दगडावरचा पिवळा टीबीएम अजून होता, बाण पुसलाय पण आडवी रेघ स्पष्ट, त्यामुळे नवीन मारावा लागला नाही, तिथूनच स्टाफ लावला. एस्टिमेट जुन्याच्या जवळजवळ दुप्पट आलंय. शेठ म्हणालेत व्हॅलिडिटी नव्वद दिवसांच्या वर द्यायची नाही.